टीबीचा जीन एक्स्प्रेशन डेटा उतरवून झाला, पुढे काय?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते. नाशिकला एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला सहा महिन्यांचा प्रकल्प करायचा आहे. रुग्णांचे नमुने मिळणार नाहीत, आरएनए काढायच्या किटला पैसे नाहीत, हाताशी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. गाइडनी सांगितलं, जीईओवरून, म्हणजे जनुकांचा आरएनए किती आहे याच्या आकड्यांच्या खुल्या साठ्यावरून, क्षयरोगाचा डेटा घ्या. तिने जीएसई३७२५० या संचातले सक्रिय टीबीचे रुग्ण घेतले. त्यात निरोगी माणसं नव्हती, म्हणून ती जीएसई१९४९१ मधून आणली. जनुकांच्या नावांवरून दोन्ही तक्ते जोडले. नमुन्यांतलं साम्य आणि फरक एका चित्रात दाखवणारा पीसीए काढला तर दोन अगदी वेगळे पुंजके पडले आणि ३,४०० जनुकं ‘सिग्निफिकंट’, म्हणजे दोन गटांत लक्षणीय वेगळी, आली. आता तिला विचारायचंय की यातली कोणती जनुकं निवडू, नाशिकच्या रुग्णांबद्दल यावरून काही लिहिता येईल का, आणि टीबीऐवजी सिकल सेल घेतलं असतं तर सोपं गेलं असतं का.

एकटीने इथवर येणं सोपं नाही, आणि आर ही संगणकभाषा वापरून दोन तक्ते जोडता येतात म्हणजे हत्यारं तुमच्या हातात बसलेली आहेत. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. ३,४०० मधून कोणती निवडू, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तुमच्या पीसीएतले ते दोन पुंजके कशाचे आहेत, ते आधी बघू.

एका पुंजक्यातले सगळे रुग्ण मलावी आणि दक्षिण आफ्रिकेतले, त्यांचं रक्त इल्युमिना कंपनीच्या, आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या एचटी-१२ चिपच्या व्ही४ आवृत्तीवर मोजलेलं. दुसऱ्या पुंजक्यातली निरोगी माणसं वेगळ्या अभ्यासातली, वेगळ्या प्रयोगशाळेतली, आणि चिप व्ही३. म्हणजे निफाडची द्राक्षं एका काट्यावर तोलली, दिंडोरीची दुसऱ्या काट्यावर, आणि वजनात फरक आला. तो फरक द्राक्षांचा की काट्यांचा, हे त्या आकड्यांवरून कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्या तक्त्यात ‘टीबी’ हा शब्द आणि ‘३७२५०’ हा क्रमांक एकाच ओळींना चिकटलेले आहेत. त्या ३,४०० मध्ये टीबीची जनुकं असतीलही, पण काट्याची जनुकं त्यांच्यात इतकी मिसळली आहेत की वेगळी काढायला मार्गच नाही.

यावर लोक कॉम्बॅट, म्हणजे बॅचमधला (वेगवेगळ्या मोजण्यांतला) फरक काढणारं साधन, चालवायला सांगतील. चालवून बघा. रोगाचा गट सोबत दिला तर ते तक्रार करेल की हा गट आणि बॅच एकमेकांत गुंतले आहेत, गट काढून टाका आणि पुन्हा चालवा. तिथे थांबायचं. गट काढून चालवलंत तर कॉम्बॅट दोन बॅचमधला सगळा फरक पुसेल, आणि त्यात टीबीचा फरकही पुसला जाईल. कॉम्बॅट वाईट नाही. प्रत्येक बॅचमध्ये रोगी आणि तुलनेचे लोक दोन्ही असतील तेव्हा ते उत्तम काम करतं. तुमच्या जोडणीत ती अटच पूर्ण होत नाही.

म्हणून हा जोड-तक्ता बाजूला ठेवा. प्रत्येक संचाची तुलना त्या संचाच्या आतच करायची, हा नियम आजपासून धरा.

सिकल सेलचं आत्ताच उरकते. सुरगाणा, पेठकडच्या आदिवासी भागात सिकल सेलच्या तपासण्या होतात, त्यामुळे नाशिकच्या विद्यार्थ्यांना हा विषय जवळचा वाटतो, आणि वाटायलाच हवा. पण एक्स्प्रेशन डेटाबेसमध्ये जनुकाचा आरएनए किती आहे याचे आकडे असतात. सिकल सेलमध्ये बीटा ग्लोबिनच्या जनुकात सहाव्या कोडॉनचं एक अक्षर बदलतं, जीएजीचं जीटीजी होतं आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. चिपवरच्या प्रोबला, म्हणजे जनुकाचा आरएनए पकडणाऱ्या तुकड्याला, हा बदल दिसत नाही, तो फक्त प्रमाण मोजतो. आरएनए-सीक या आरएनएची अक्षरं वाचणाऱ्या पद्धतीच्या मूळ रीड्समध्ये ते अक्षर असतं, पण तुम्ही काउंटचा, म्हणजे मोजणीचा, तक्ता उतरवता तेव्हा ते मागेच राहिलेलं असतं. शिवाय या रुग्णांच्या रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, खूप असतात. अख्ख्या रक्ताचा डेटा घेतला की यादीत वर तांबड्या पेशींची जनुकं येणार, आणि त्यातून कळणार एवढंच की शरीर तांबड्या पेशी भराभर बनवतंय. फीटल हिमोग्लोबिन किंवा आजारातली गुंतागुंत असा नेमका प्रश्न असेल तर सिकल सेल घेता येईल. तुमच्या वेळेत आणि तुमच्या साधनांत टीबीच बरा, कारण टीबीमध्ये रक्तातल्या पेशी सूक्ष्मजंतूला जो प्रतिसाद देतात तो आरएनएच्या प्रमाणात खरोखर दिसतो, आणि त्याचे अनेक देशांतले संच उघड्यावर आहेत.

आता जीएसई१९४९१ जवळून बघू, कारण सार्वजनिक डेटामधल्या बहुतेक खाचाखोचा या एकाच नोंदीत भेटतात.

हा २०१० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाचा डेटा. लंडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांचं रक्त तपासून त्यात ३९३ ट्रान्स्क्रिप्टची (जनुकांच्या आरएनए प्रतींची) टीबीची सही, म्हणजे ओळख पटवणारा ठसा, दाखवली होती. नोंद उघडली की पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे ही सुपरसिरीज, म्हणजे अनेक संचांची मोट, आहे. तिच्या पोटात वेगवेगळ्या सिरीज आहेत: १९४३९ हा लंडनचा ट्रेनिंग संच, १९४४४ लंडनचाच टेस्ट संच, १९४४२ दक्षिण आफ्रिकेचा, १९४३५ मध्ये तेच रुग्ण उपचाराआधी आणि नंतर पुन्हा मोजलेले, आणि १९४४३ मध्ये रक्तातून वेगळ्या केलेल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, मोनोसाइट आणि टी पेशी. याखेरीज ल्युपस, स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकस अशा इतर आजारांचे रुग्णही आहेत. सगळं मिळून नमुने पाचशेच्या आसपास.

आता कुणी हे सगळं एकदम उचललं आणि जीईओटूआर या जीईओच्याच तुलना करणाऱ्या साधनात ‘टीबी’ शब्द असलेले सगळे जीएसएम, म्हणजे नमुन्यांचे क्रमांक, एका गटात टाकले, तर काय होतं ते पाहा. वेगळे केलेले न्यूट्रोफिल आणि अख्खं रक्त एकाच गटात बसतात. एकच रुग्ण तीन-तीनदा मोजला जातो, आणि त्यातल्या दोन वेळा त्याचे उपचार सुरू झालेले किंवा संपलेले असतात. कुणी १९४९१ आणि १९४४४ हे ‘दोन स्वतंत्र संच’ म्हणून घेतले तर तेच नमुने दोनदा येतात, आणि दोन्हीकडे निकाल जुळला म्हणून आनंद होतो. छापून आलेल्या कामातही असली चूक सापडते, म्हणून जीएसएम क्रमांकांची यादी काढून ते दोनदा आलेले नाहीत हे तपासल्याशिवाय मी कुठलंही विश्लेषण पुढे नेत नाही. दोन मिनिटांचं काम आहे.

यासाठी पहिले दोन-तीन आठवडे आकड्यांना हात लावू नका. सिरीज मॅट्रिक्स फाइलच्या वरच्या भागात प्रत्येक नमुन्याची माहिती असते, ती काढून एक तक्ता करा. एका ओळीत एक नमुना, आणि स्तंभ असे: जीएसएम क्रमांक, मूळ सिरीज, चिप, रुग्णाचा क्रमांक दिला असेल तर तो, निदान, ते निदान कशावरून केलं, एचआयव्ही आहे की नाही, वय, लिंग, देश, रक्त उपचाराआधीचं की नंतरचं, आणि रक्त कोणत्या स्वरूपात घेतलं. जी माहिती नोंदीत नसेल ती मूळ पेपरच्या पुरवणीत शोधा. तिथेही नसेल तर रकान्यात ‘माहीत नाही’ लिहा, अंदाजाने भरू नका. एकच गोष्ट वेगवेगळ्या नमुन्यांत वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेली सापडेल. कुठे ‘पीटीबी’, कुठे ‘ॲक्टिव्ह टीबी’, कुठे मोठी अक्षरं, कुठे शब्दामागे एक मोकळी जागा. आरला हे सगळे वेगळे गट वाटतात.

रक्ताच्या स्वरूपाबद्दल थोडं थांबून सांगते. काही अभ्यासांत रक्त थेट आरएनए टिकवणाऱ्या नळीत घेतात, पॅक्सजीन किंवा टेम्पस. तिथे सगळ्या पेशी येतात. काहींत फायकॉल या द्रावणावर रक्त फिरवून पीबीएमसी वेगळ्या करतात, म्हणजे लिम्फोसाइट आणि मोनोसाइट वरच्या थरात राहतात आणि न्यूट्रोफिल तळाशी जाऊन टाकले जातात. २०१० च्या त्या अभ्यासाचा मुख्य निष्कर्षच असा होता की टीबीची इंटरफेरॉन सही, म्हणजे जंतूंविरुद्धच्या इंटरफेरॉन या प्रथिनाने चालू होणाऱ्या जनुकांचा ठसा, प्रामुख्याने न्यूट्रोफिलमधून येते. मग पीबीएमसीच्या संचात ती सही मंद दिसली तर त्यात नवल नाही, ज्या पेशींत ती होती त्या नळीच्या तळाशीच गेल्या. अख्ख्या रक्ताचे संच आणि पीबीएमसीचे संच एकत्र करू नका, आणि तुमच्या प्रबंधात फक्त अख्खं रक्त घ्या. अख्ख्या रक्ताच्या आरएनएमध्ये ग्लोबिनचा मोठा वाटा असतो आणि काही प्रयोगशाळा तो आधी काढून टाकतात. तोही एक स्तंभ तक्त्यात असू द्या.

तक्ता झाला की आकडे. उतरवताना जिओक्वेरी हे आरचं डाउनलोड करणारं पॅकेज मध्येच तुटलं तर घाबरू नका. आरमध्ये डाउनलोडची मुदत मुळात ६० सेकंद असते, ती ६०० करा. लॅपटॉपची चिंता करू नका. सुमारे ४८ हजार प्रोब आणि ५०० नमुने म्हणजे २ कोटी ४० लाख आकडे, प्रत्येकी ८ बाइटने १९२ एमबी. कामाच्या ओघात आरने तीन-चार प्रती केल्या तरी ८ जीबीत निभावतं.

पहिल्यांदा नुसती किमान आणि कमाल किंमत बघा. आकडे साधारण २ ते १६ च्या मध्ये असतील तर ते लॉग२ (२ पाया धरून लॉगॅरिदम) घेतलेले आहेत. हजारांत असतील तर लॉग घ्यायचा आहे. दोनदा लॉग घेतला तर काहीही चूक दाखवली जात नाही, फक्त सगळे फरक चिरडले जातात आणि तुम्हाला वाटतं की या आजारात काही बदलतच नाही. इल्युमिनाच्या जुन्या संचांत उणे आकडे दिसतील. पार्श्वभूमीची चमक वजा केल्याने कमकुवत प्रोब शून्याखाली गेलेले असतात, आणि उण्याचा लॉग निघत नाही. ते आकडे शून्य करून टाकायची युक्ती करू नका. नोंदीच्या खाली पुरवणी फाइल्समध्ये ‘नॉन-नॉर्मलाइज्ड’ नावाची फाइल असेल तर ती घ्या, तिच्यात प्रत्येक आकड्यासोबत डिटेक्शन पी-व्हॅल्यू, म्हणजे तो आकडा पार्श्वभूमीपेक्षा खरंच वेगळा आहे का याचं माप, असते. आरच्या लिमा पॅकेजमधलं नेक्यूसी हे फंक्शन त्यावरून पार्श्वभूमी दुरुस्त करतं, प्रत्येक आकड्यात १६ ची भर घालतं, क्वांटाइल नॉर्मलायझेशन करतं (सगळ्या नमुन्यांच्या आकड्यांचा विस्तार सारखा करतं) आणि लॉग२ देतं. त्यानंतर जे प्रोब जवळजवळ कुठल्याच नमुन्यात पार्श्वभूमीच्या वर येत नाहीत ते काढा.

एका जनुकाला दोन-तीन प्रोब असतील. त्यातला सगळ्यात लहान पी-व्हॅल्यूचा प्रोब निवडू नका, कारण मग ज्या जनुकांना जास्त प्रोब आहेत त्यांना लॉटरीची जास्त तिकिटं दिल्यासारखं होतं. रोगाचा गट न बघता, ज्याची सरासरी किंमत सगळ्यात जास्त तो प्रोब घ्या.

मग एक तपासणी, जी मी कधीच वगळत नाही. एक्सआयएसटी हे जनुक स्त्रियांत चालू असतं आणि आरपीएस४वाय१ हे वाय गुणसूत्रावर आहे. एक आडव्या अक्षावर, दुसरं उभ्या अक्षावर ठेवून सगळे नमुने काढा. दोन स्पष्ट ढीग पडतील. आता माहितीच्या तक्त्यातल्या लिंगाप्रमाणे ठिपक्यांना रंग द्या. पुरुषांच्या ढिगात स्त्रीच्या रंगाचा ठिपका दिसला तर कुठेतरी नमुन्याची अदलाबदल झाली आहे, किंवा तुमच्या कोडमध्ये तक्त्याच्या ओळी आणि आकड्यांचे स्तंभ यांचा क्रम सरकला आहे. पहिल्या कारणाचा एखादा नमुना असेल तर तो वगळा आणि तसं लिहा. बरेच ठिपके चुकलेले असतील तर कारण जवळजवळ नेहमी दुसरंच असतं.

तुलना कुणाशी करायची, हा भाग तुमच्या प्रकल्पाचा गाभा आहे.

सक्रिय टीबी आणि निरोगी माणूस यांची तुलना केली की जीबीपी५, एफसीजीआर१ए, बीएटीएफ२, स्टॅट१ अशी इंटरफेरॉनची जनुकं वर येतात. दिसायला छान दिसतं. पण यातली बरीचशी जनुकं विषाणूच्या तापातही वर जातात. सारकॉइडोसिस या आजाराचं रक्त तर टीबीच्या रक्तासारखंच दिसतं. जीएसई४२८३४ मध्ये टीबी, सारकॉइडोसिस, न्यूमोनिया, फुप्फुसाचा कर्करोग आणि निरोगी लोक एकाच अभ्यासात आहेत, आणि तिथे हे साम्य तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. दवाखान्यात डॉक्टरांसमोर निरोगी माणूस बसलेला नसतो. तीन आठवड्यांचा खोकला, ताप आणि घटलेलं वजन घेऊन आलेला माणूस असतो, आणि हा टीबी आहे की दुसरं काही, एवढाच प्रश्न असतो. जीएसई३७२५० ची खरी किंमत इथे आहे. त्यात निरोगी नाहीत म्हणून तुम्ही बाहेरून आणायला गेलात, पण त्यात सक्रिय टीबी, सुप्त टीबी (जंतू शरीरात आहे, पण आजार नाही), आणि टीबीसारखी लक्षणं असून निदान दुसरंच निघालेले रुग्ण आहेत, आणि प्रत्येक गटात एचआयव्ही असलेले आणि नसलेले दोन्ही. एकूण ५३७ नमुने. तुम्हाला हवी ती तुलना त्याच संचात तयार होती.

तेव्हा ३७२५० मध्ये दोन तुलना करा: टीबी विरुद्ध सुप्त टीबी आणि टीबी विरुद्ध इतर आजार. एचआयव्ही असलेले आणि नसलेले वेगवेगळे चालवा, कारण एचआयव्ही स्वतःच इंटरफेरॉनची जनुकं वर नेतो आणि सीडी४ पेशी कमी करतो. तुलनेच्या गणिती मॉडेलमध्ये गटासोबत लिंग, देश, आणि माहिती असेल तर वय घाला. औषध सुरू झाल्यानंतरचे नमुने कुठल्याही संचातून वगळा, ही सही उपचाराच्या दुसऱ्या आठवड्यापासूनच उतरू लागते. एकाच रुग्णाचे अनेक नमुने ठेवायचेच असतील तर ते एकमेकांशी बांधलेले आहेत हे मॉडेलला सांगावं लागतं, नाहीतर सात माणसांना तुम्ही एकवीस समजता.

पी-व्हॅल्यूबद्दल एकच हिशेब लक्षात ठेवा. २०,००० जनुकं आणि ०.०५ ची रेघ म्हणजे काहीही फरक नसताना नुसत्या योगायोगाने १,००० जनुकं रेघेखाली येतील. म्हणून बेंजामिनी-हॉकबर्ग या पद्धतीने दुरुस्त केलेला आकडाच बघायचा. पण मोठ्या संचात तोही हजारो जनुकांना पास करतो, त्यामुळे फरकाच्या आकारावरही अट घाला. लॉग फोल्ड चेंज, म्हणजे दोन गटांच्या लॉग२ आकड्यांतला फरक, १ असेल तर दुप्पट. ही अट किती ठेवायची ते प्रश्नावर अवलंबून आहे, मी रक्तासाठी ०.५८, म्हणजे दीडपट, यापासून सुरुवात करते.

यादी आली की लगेच पाठ थोपटू नका. जीबीपी५ आणि डीयूएसपी३ टीबीत वर असायला हवीत, केएलएफ२ खाली. उलटं आलं तर शोध लागलेला नसतो, तुलनेची दिशा उलटी दिलेली असते. जीईओटूआरमध्ये गट कोणत्या क्रमाने दिले यावरून चिन्ह ठरतं, तिथे हे हमखास घडतं.

पेशींच्या प्रमाणाचा मुद्दा अख्ख्या रक्ताच्या अभ्यासात सगळ्यात जास्त फसवतो. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची ट्रॉली आली. मागच्या आठवड्यापेक्षा तिच्यातल्या कांद्याचं सरासरी वजन कमी भरलं. प्रत्येक कांदा आक्रसला असं कुणी शेतकरी म्हणणार नाही, ट्रॉलीत गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, जास्त आली असं म्हणेल. रक्ताची नळी ही तशीच ट्रॉली आहे. सक्रिय टीबीत न्यूट्रोफिलचा वाटा वाढतो, टी पेशींचा घटतो. मग आयएल७आर, सीसीआर७, सीडी३ची जनुकं यादीत ‘डाउन-रेग्युलेटेड’ म्हणून येतात, आणि प्रबंधात लिहिलं जातं की टीबीचा जंतू टी पेशींतली जनुकं दाबतो. त्या आकड्यांवरून तसं म्हणताच येत नाही. प्रत्येक टी पेशीत ते जनुक पूर्वीइतकंच असेल, नळीत टी पेशीच कमी असतील.

याची तपासणी दोन वाटांनी होते. सायबरसॉर्ट हे साधन २२ प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा अंदाजी वाटा काढून देतं. तो मॉडेलमध्ये घालून कोणती जनुकं टिकतात ते बघा. अंदाजच असल्याने त्यावर फार विसंबू नका. दुसरी वाट जास्त भरवशाची: १९४४३ मधल्या वेगळ्या केलेल्या पेशींत तुमचं जनुक बघा. अख्ख्या रक्तात वर दिसणारं जनुक वेगळ्या केलेल्या न्यूट्रोफिलमध्येही रुग्णांत वर असेल, तर ते पेशीच्या आतलं आहे असं म्हणायला आधार मिळतो. तिथे नमुने थोडे आहेत, म्हणून भाषा जपून वापरा. प्रबंधात मला एकच आकृती बघायची असेल तर ती ही असेल.

तर तुलना संचाच्या आत, अख्खं रक्त, उपचाराआधीचं, एचआयव्ही वेगळा, आणि पेशींचा हिशेब. हे प्रत्येक संचात स्वतंत्रपणे झालं की मगच संच एकत्र आणायचे, तेसुद्धा कच्चे आकडे मिसळून नाही. प्रत्येक संचातून प्रत्येक जनुकाच्या फरकाचा आकार आणि त्याची अनिश्चितता घ्या, आणि ती मेटा-ॲनालिसिसने, म्हणजे वेगवेगळ्या अभ्यासांचे निकाल एकत्र तोलणाऱ्या पद्धतीने, जोडा. व्ही३ आणि व्ही४ चिपचा काटा वेगळा असला तरी चालतं, कारण प्रत्येक काट्यावर रोगी आणि तुलनेचे लोक दोघेही तोलले गेलेत.

ही पद्धत कुठवर जाते याचं उदाहरण टीबीतच आहे. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’मध्ये तीन जनुकांचा स्कोअर प्रसिद्ध झाला: जीबीपी५ आणि डीयूएसपी३ यांच्या लॉग आकड्यांची सरासरी, वजा केएलएफ२. तो सार्वजनिक संचांतूनच काढला होता. पुढे त्यावर आधारित कार्ट्रिज तयार झालं, बोटातून घेतलेल्या रक्तावर चालणारं, एक्सपर्ट-एमटीबी-एचआर. कुणीतरी उघड्यावर ठेवलेला डेटा दुसऱ्या कुणीतरी नीट वाचला, आणि थुंकी न देऊ शकणाऱ्या लहान मुलाच्या तपासणीची शक्यता निर्माण झाली. म्हणून मी या कामाबद्दल इतकी आग्रही आहे.

पण इथेही एक सापळा तुमच्यासाठी लावलेला आहे. तो स्कोअर ज्या तीन संचांतून शोधला ते म्हणजे १९४९१, ३७२५० आणि ४२८३४. तुमच्याकडचे दोन्ही संच त्यात आले. त्यांच्यावर तो स्कोअर चालवून एयूसी (स्कोअर दोन गट किती नीट वेगळे करतो याचं माप) छान आला असं लिहिलंत तर तुम्ही पाठ केलेल्या प्रश्नपत्रिकेवर परीक्षा घेतली. तुमच्या स्वतःच्या जनुकांचंही तेच. सगळे नमुने बघून जनुकं निवडायची आणि मग त्याच नमुन्यांवर क्रॉस-व्हॅलिडेशन करायचं, म्हणजे आलटून पालटून काही नमुने परीक्षेसाठी बाजूला ठेवायचे, यात एयूसी फुगतोच. निवडीची पायरी क्रॉस-व्हॅलिडेशनच्या आत असायला हवी, आणि शेवटची परीक्षा अशा संचावर, ज्याला तोवर हात लावलेला नाही.

त्यासाठी मी जीएसई१०१७०५ राखून ठेवायला सांगेन. दक्षिण भारतातल्या लोकांचं अख्खं रक्त, आरएनए-सीक, २८ सक्रिय टीबी आणि १६ सुप्त टीबी. संच लहान आहे, म्हणून एयूसीसोबत त्याची विश्वास-मर्यादा लिहाच. मूळ रीड्सच्या फास्टक्यू फाइल्स उतरवू नका, एकेक नमुना काही जीबीचा असतो आणि लॅपटॉप तिथेच बसेल. मानवी आरएनए-सीकच्या बऱ्याच संचांसाठी एनसीबीआयने स्वतः केलेली काउंटची फाइल जीईओवर मिळते, रीकाउंट३ या साठ्यातही तयार काउंट असतात. डीईसेक-टू या काउंटमधला फरक तपासणाऱ्या पॅकेजला पूर्णांकातले कच्चे काउंटच द्यायचे. एफपीकेएम किंवा टीपीएम हे आधीच नॉर्मलाइज केलेले आकडे दशांश काढून, गोल करून दिले तर ते तक्रार न करता चालतं आणि उत्तर चुकीचं देतं. टीबीचे बरेच संच एकाच ठाशीव स्वरूपात हवे असतील तर बायोकंडक्टर या आर पॅकेजांच्या साठ्यावर क्युरेटेडटीबीडेटा आहे, आणि प्रसिद्ध झालेल्या सह्या चालवायला टीबीसिग्नेचरप्रोफायलर. पण एक संच तरी आधी हाताने करा. तो अनुभव असल्याशिवाय तयार डेटातली चूक ओळखू येत नाही.

पाथवेच्या, म्हणजे जनुकं कोणत्या कामांत गुंतली आहेत याच्या, विश्लेषणात पार्श्वभूमीची यादी म्हणून अख्खा जीनोम देऊ नका, तुमच्या संचात खरोखर मोजली गेलेली जनुकं द्या. अख्खा जीनोम दिला तर रक्ताच्या कुठल्याही अभ्यासात ‘इम्यून रिस्पॉन्स’ पहिल्या क्रमांकावर येतं, कारण रक्तात मुळात तीच जनुकं चालू असतात.

आणि यादी एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडू नका. मार्च१ चा १ मार्च होतो, सेप्ट२ चा २ सप्टेंबर. याच कारणासाठी २०२० मध्ये या जनुकांची नावं मार्चएफ आणि सेप्टिन अशी बदलली, पण २०१० च्या संचात जुनीच नावं आहेत. एक्सेल वापरायचंच तर आधी कोरी शीट उघडून नावांचा स्तंभ ‘टेक्स्ट’ म्हणून आयात करा.

राहिला नाशिकचा प्रश्न. या कामातून ‘नाशिकच्या रुग्णांत ही जनुकं वाढलेली आहेत’ असं वाक्य लिहिता येणार नाही, कारण यातला एकही नमुना नाशिकचा नाही. ‘आफ्रिका आणि युरोपातल्या संचांतून निघालेली ही जनुकं दक्षिण भारतातल्या एका लहान संचातही त्याच दिशेने बदललेली आढळली’ हे लिहिता येईल, आणि एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी ते भक्कम वाक्य आहे. पुढे कधी नाशिकमध्येच तपासायचं ठरलं तर नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णांची लेखी संमती लागेल. आत्ताच्या कामालाही समितीकडून सूट मिळाल्याचं पत्र घेऊन ठेवा. त्यानंतर गरज पडेल ती प्रत्येक रुग्णामागे २.५ मिली रक्ताच्या एका पॅक्सजीन नळीची, औषध सुरू व्हायच्या आधी भरलेली. तीत आरएनए साध्या तापमानाला, म्हणजे १८ ते २५ अंशांत, तीन दिवस टिकतो. सुरगाण्याहून नाशिकला नळी आणायला तेवढा वेळ पुरतो, मात्र उन्हाळ्यात ती थंड पेटीतूनच आणावी लागेल. आणि टीबीच्या रुग्णांची नळी ज्या दिवशी, ज्या हातांनी, ज्या पेटीतून येईल, त्याच पेटीतून टीबी नसलेल्या खोकल्याच्या रुग्णांचीही येऊ द्या.